कमानीपर्यंत

हॉस्पिटलच्या लाँड्रीत त्याला सगळे इंजिन म्हणायचे. चादरींना इस्त्री करणाऱ्या मशीनवर एकदा उभा राहिला, की कुणी सांगेपर्यंत हलायचा नाही. एकदा मनगट भाजलं तरी हा आपला चादरी सरकवतच होता. शेजारच्या बाईने बोंब ठोकली तेव्हा कुठे त्याने हाताकडे पाहिलं. भूक, तहान, थकवा यांच्या बातम्या त्याच्या शरीरातून त्याच्यापर्यंत पोचतच नसत. त्या थोरल्या बहिणीकडे जायच्या. ती "पाणी" म्हणाली की तो प्यायचा, "जेव" म्हणाली की जेवायचा.

आणि सुट्टीच्या दिवशी तो पळायचा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत भलेभले मान टाकायचे, हा पठ्ठ्या एकाच चालीत पुढे. शर्यत म्हणजे कमानीखालून निघायचं आणि कमानीखाली थांबायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक. ताई मात्र स्कूटरवरून एका पाण्याच्या टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नुसती वणवण करायची. लोक तिला हसायचे. लोकांचं काय जातंय हसायला!

यंदा आयोजक स्वतः घरी आले. माणूस भला, उत्साहाने नुसता उतू जाणारा. "आमच्या शर्यतीत सगळ्यांना जागा आहे," ते म्हणाले. "तुम्ही फक्त आमच्या स्वयंसेवकांना शिकवा. यंदा तुम्ही खुर्चीत बसायचं."

ताई बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभर लोकांना तेच ते सांगायचं, पण तिला कधी कुणी काही शिकवायला बोलावलं नव्हतं. अंगावर मूठभर मांस चढलं. खिडकीतल्या खणखणीत आवाजात तिने पोरापोरींकडून घोकून घेतलं : "पाणी" एवढंच म्हणायचं. ओरडायचं नाही. आणि काही झालं तरी हात लावायचा नाही, हात लागला की तो बिथरतो. त्याला थांबवायचं कसं, हे सांगायचं राहून गेलं. कुणी विचारलं नाही आणि तिलाही सुचलं नाही. आजवर शर्यतीत त्याला कधी मध्येच थांबवावं लागलंच नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी उन्हाने कहर केला. वारा पडलेला, डांबर मऊ झालेलं. दोघं धावपटू कोसळल्याची खबर आली आणि आयोजकांनी शर्यत रद्द केली. निर्णय शहाणपणाचाच होता. उरलेल्यांना आणायला बस गेली, पाण्याची टेबलं उचलली गेली. मंडपवाल्याला सामान दुसरीकडे पोचवायचं होतं, त्याची माणसं कमानीचे नट सोडायला लागली.

ताई खुर्चीतून ताडकन उठली.

"माझा भाऊ कुठाय?"

"बसमध्ये बसवताहेत सगळ्यांना," आयोजक फोनवर हात ठेवून म्हणाले.

"तो नाही बसायचा. अहो, शर्यत अशी मध्येच संपते हे त्याला माहीतच नाही! ती कमान राहू द्या आधी."

"ताई, कमान चढली की ट्रकमध्ये," मंडपवाला म्हणाला.

बस आली. त्यात तो नव्हता. "आम्ही विनवण्या केल्या," बसमधला स्वयंसेवक म्हणाला, "पण तो पळतच राहिला."

मग तो रस्त्याच्या टोकाला दिसला. तीच चाल, तीच मान. जवळ आला तेव्हा तिने पाहिलं, चेहऱ्यावर घामाचा टिपूस नव्हता. ओठ पांढरे पडले होते.

"थांब रे! संपली शर्यत!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग वर, मोकळ्या आभाळाकडे.

"कमान नाही," तो म्हणाला.

त्याला नुसतं कवटाळलं असतं तरी पुरे होतं. तिचा हात पुढे झाला आणि जन्माच्या सवयीने मागे आला. तेवढ्यात तो निघून गेला.

ती चपला टाकून मागे पळाली. चौकापाशी तो एकदा झोकांडला, सावरला आणि मग आडवा झाला. तिथे उभे असलेले स्वयंसेवक तिच्या कितीतरी आधी पोचले. तिला लांबून दिसत होतं, त्यांनी त्याच्याभोवती नीट रिंगण केलं आणि गर्दीला मागे सारलं. एक मुलगी वाकून हलक्या आवाजात "पाणी, पाणी" म्हणत होती.

"उचला त्याला!" ताई जिवाच्या आकांताने ओरडली. "अरे, धरा! सावलीत न्या!"

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हात लावायला कुणी धजेना.