उघाडीची दोरी

आमच्या गावात परक्या माणसाला अजून सांगतात की खाजण समुद्राने गिळलं होतं. समुद्राला नावं ठेवायला काय जातं, तो काही भांडायला येत नाही. खाजण मी घालवलं. हे मी दोनदा सगळ्यांसमोर बोलले आहे. कुणी ऐकलं नाही, म्हणून आता लिहून ठेवते.

खाजण म्हणजे खाडीला मातीचा बांध घालून मिळवलेली भाताची जमीन. आमचं बारा घरांचं होतं. बांधाच्या मधोमध उघाडी, म्हणजे पाणी जायची मोरी, आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर लाकडी झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जायचं, भरतीला खाडीचं पाणी तिला दाबून आपोआप मिटवायचं. एवढ्याशा फळीवर बारा चुली पेटत होत्या. ती फळी सांभाळायचा मान आमच्या घराकडे, सासऱ्यांकडे. मी त्यांना मामा म्हणत असे. ओहोटी लागली की मामा उघाडीवर जायचे, आतलं पाणी ओंजळीत घ्यायचे, जिभेला लावायचे आणि थुंकायचे. बांध कुठे झिरपतोय का, ते त्यांना जिभेवर कळायचं. वर्षानुवर्षं हा माणूस दिवसातून दोनदा खाजण चाखत आला होता.

मी डोंगराकडची. माहेरची नदी पावसात येते आणि शिमग्यापर्यंत आटते, एवढंच माझं पाण्याचं ज्ञान. लग्न होऊन आले तेव्हा भरती-ओहोटी बघून हसू यायचं. हे काय गो बाय, रोज दोनदा येतं नि जातं! सासू आधीच गेलेली, नवरा मुंबईला गिरणीत. घरात मी आणि मामा, दोघंच.

सन एकोणीसशे बावीस-तेवीस असेल. मला पहिल्या खेपेचे दिवस गेले होते, पाचवा महिना, आणि कोळंबीचे डोहाळे लागले. लाज वाटावी इतके. आमच्याकडे अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे लहान. तेव्हा बायका उघाडीची झडप हातभर उचलून दोरीने बांधून ठेवत. भरतीबरोबर चार कोळंब्या आतल्या पाटात येत, पाणी पाटातच राही, आणि ओहोटीला तोंडाशी जाळं धरलं की कालवणापुरतं मिळे. मामा बघून न बघितल्यासारखं करत.

कोजागिरी उलटून दोन दिवस झाले होते. मामा सकाळीच शेजारच्या गावी एका मर्तिकाला गेले. मी आपला मनाशी विचार केला, उधाण पौर्णिमेचं, पौर्णिमा तर गेली, म्हणजे उधाणही गेलं. खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की खरं उधाण पौर्णिमेनंतर दुज-तिजेला येतं. मला ठाऊक नव्हतं, आणि कुणाला विचारावं एवढी अक्कलही नव्हती. बांबूने झडप उचलली, दोरी बांधली, जाळं तिथेच ठेवलं आणि घरी आले.  जरा पाठ टेकते म्हटलं, तर झोप लागली.

दुपारी जागी झाले ती ओरड्याने. उघाडीतून घुसलेल्या पाण्याने दोन्ही बाजूंची माती कोरून काढली होती. बांधाला दहा-बारा हातांची खांड पडली होती आणि खाडी आत येत होती, अगदी निवांत, घरच्यासारखी. भात लोंबीला आलं होतं. पंधरा दिवसांत कापणी. बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून लोंब्या ओरबाडत होत्या आणि शिव्या देत होत्या, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी नुसती बांधावर उभी होते.

मामा धावत आले. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, मर्तिकाची आंघोळ तशीच अंगावर. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "मामा, मी बांधली होती. कोळंबीसाठी."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे. म्हणाले, "तोंड मीट. घरात जा."

संध्याकाळी देवळासमोर बारा घरं बसली. मामा उभे राहिले आणि म्हणाले, झडप मी बांधून ठेवली होती, मर्तिकाच्या घाईत सोडायची विसरलो. एवढंच बोलले. कुणी त्यांच्या अंगावर धावून गेलं नाही, ते बरं झालं की वाईट, मला अजून कळत नाही. निवाडा असा झाला की उघाडीचा मान आमच्या घराकडून काढला, आणि जिवात जीव आहे तोवर मामांनी बांधावर पाय ठेवायचा नाही. मी देवळाच्या दाराआड बसून ऐकत होते. उठून बाहेर जायला हवं होतं. गेले नाही. भ्याले, दुसरं काय.

पुढे दोनदा खांड बुजवायचा प्रयत्न झाला, दोन्हीदा उधाणाने धुऊन नेली. मग लोकांचा धीर खचला. खारं पाणी येत-जात राहिलं, शेतात तिवरं, ती खाऱ्या पाण्यातली झाडं, उगवली, आणि बारा घरांतले पुरुष मुंबईला गेले, कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी बोटीवर. मीही लेकीला घेऊन नवऱ्याकडे चाळीत गेले. मामा आले नाहीत. ते पावस गावी एका बागेत कलमांना कावडीने पाणी घालायचे. भाताचा मालक माणूस, दुसऱ्याच्या आंब्यांना पाणी घालत होता. माझ्यामुळे. चाळीत विकतचा तांदूळ निवडताना मला रोज तेच आठवायचं आणि मी लेकीवर उगाच खेकसायचे.

आठ-नऊ वर्षांनी ह्यांची गिरणी बंद पडली. ह्यांना तोवर खोकला लागला होता, कापसाची भुकटी छातीत बसलेली. परत आलो. आमच्यासारखीच आणखी घरं परतली होती. बारांपैकी नऊ उरली. रिकामे हात आणि समोर बुडालेलं खाजण. कुणीतरी म्हणालं, पुन्हा बांधू या. सगळे हसले, आणि दिवाळी झाल्यावर कुदळी घेऊन चिखलात उतरले. मरता काय न करता.

मामांना बोलावलं नाही. निवाडा तो निवाडा.

ते तोवर पावसहून घरी परतले होते, वाकले होते. घरामागच्या टेपावरून, म्हणजे टेकाडावरून, सगळा बांध दिसायचा. ते तिथे एका कातळावर दिवसभर बसायचे. आम्ही बायका रांग करून चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायचो, पुरुष ते रचायचे, मध्ये पेंढा आणि तिवरांच्या फांद्या. संध्याकाळी मी घरी आले की मामा विचारायचे, किती गेला आज? आणि मग सांगायचे, खेकड्याची बिळं आधी फोडून भरा, नाय तर बांध आतून पोकळ होईल. खांड एका ओहोटीत बुजली पायजे, अर्धी ठेवून घरी आलात तर गेली. आणि दिवस अष्टमीचा धरा. दुसऱ्या दिवशी मी तेच शब्द बांधावर माझे म्हणून सांगायचे.

"अगो बाय! डोंगरातली बाय आता आम्हाला भरती शिकवनार," असं म्हणून लोक फिदीफिदी हसायचे. पण ऐकायचे. कुणाची अक्कल आहे ते सगळ्यांना कळत होतं, तोंडाने कुणी म्हणत नव्हतं. खांड अष्टमीला बुजली, एका ओहोटीत. नवी झडप बसली. टेपावर पाहिलं तर मामा उभे राहिले होते.

बांध झाला म्हणजे शेत झालं असं नाही. मातीत मीठ मुरलेलं असतं, ते पावसाने धुऊन जावं लागतं. पहिल्या पावसाळ्यात मी शेतातला चिखल पानात बांधून मामांना आणून दिला. त्यांनी जिभेला लावला, थुंकले. "नाय." दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा तेच, "नाय." त्या वर्षी दोन घरांनी हट्टाने बी टाकलं आणि ते करपून गेलं. आमच्या घरात तर नाचणीची आंबील आणि वरीचा भात, ह्यांचा खोकला, आणि मामांचं अंग दिवसेंदिवस उतरत चाललेलं. मी देवाला म्हणायचे, मेल्या, घ्यायचं तर मला घे, म्हाताऱ्याला एकदा बांधावर जाऊ दे. मला दुसरं काही नको होतं. त्यांनी पुन्हा उघाडीवर उभं राहून ओंजळीने पाणी चाखावं, तेवढं एक झालं की माझी सुटका.

तिसऱ्या पावसाळ्यात त्यांनी चिखल तोंडात घेतला आणि थुंकले नाहीत. बराच वेळ घोळवला. मग गिळलाच.

"टाका बी," म्हणाले.

खाजणात लावणी नसते. खाऱ्या जमिनीत येणारं लाल भात, राता म्हणतात त्याला, ते भिजवून, मोड आणून चिखलात फेकायचं. नऊ घरांनी फेकलं. वर आलं. दसऱ्यापर्यंत खाजण हिरवं, मग पिवळं. लोक बांधावर उगाच हेलपाटे घालायचे, बघायला.

कापणीच्या आधी नऊ घरं उघाडीवर जमली. बांधाच्या राखणदार देवाला नारळ द्यायचा होता आणि उघाडी आता कोणाकडे द्यायची ते ठरवायचं होतं. लोकांच्या मनात आमच्या ह्यांना द्यायचं होतं. पोरगा काही बापासारखा विसरभोळा नाही, असं कुणीतरी म्हणालं. माझ्या डोक्यात सणक गेली. मी पदर खोचला आणि पुरुषांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

म्हटलं, "विसरभोळं कुणाला म्हणता? ती झडप मी बांधली होती. कोळंबीसाठी. दुज-तिजेचं उधाण मला ठाऊक नव्हतं. मामांनी माझं पोट बघितलं आणि आळ अंगावर घेतला. आता काय करायचं ते मला करा, पण त्यांना बांधावर आणा."

 ह्यांनी माझ्याकडे बघितलं ते असं, की मी कोण तेच त्यांना कळेना. मग सगळे उठले आणि आमच्या घरी आले.

मामा ओटीवर घोंगडी घेऊन पडले होते. आठवड्यापासून उठत नव्हते. गावच्या मानकऱ्याने विचारलं, सून म्हणते ते खरं काय?

मामा हसले. दात एकही नाही, तरी हसले. म्हणाले, "सून माजी गुणाची हाय. पन खोटं तिला धड बोलता येत नाय. पाच महिन्यांची बाय ती झडप एकटी उचलील काय? तुमीच सांगा. मी बांधली होती. माजा निवाडा झालेला हाय, पुन्यांदा कशाला?"

मी ओरडले, बांबूने उचलली, बांबूने! पण मानकऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, असू दे गो बाय, सासऱ्यावर माया असावी तर अशी. उघाडी ह्यांच्याकडे दिली आणि सगळे गेले.

मी मामांवर इतकी चिडले की त्यांचं आजारपणही विसरले. म्हटलं, असं का केलंत? मला मोकळी का होऊ दिली नाहीत?

ते म्हणाले, "तुजा नवरा खोकतोय. त्याच्या मागं उघाडी तुज्याच हातात येनार. ज्या हातानं खाजन बुडालं, त्या हातात देतील काय कोन? माजं काय, मी चाललो." आणि वर म्हणाले, "तू मोकळी होशील. पोरीचं काय?"

मी उठले आणि चूल पेटवायला गेले. 

कापणी झाली, झोडणी झाली. नव्या तांदळाची पेज करून मी चमच्याने मामांच्या तोंडात घातली. दोन घोट गिळले. मग तोंड वाकडं करून म्हणाले, "मीठ घाल गो. अळनी हाय." तेच त्यांचं शेवटचं खाणं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

आमच्या गावची मसणवट खाडीच्या टोकाला, बांधापलीकडे. खाजण बुडालं होतं तेव्हा मढं होडीने न्यावं लागे. आता बांध झाला होता. पुरुष तिरडी घेऊन निघाले, आम्ही बायका टेपापर्यंत गेलो, त्यापुढे बायकांनी जायचं नसतं. मामा ज्या कातळावर बसायचे तिथे मी उभी राहिले. तिरडी बांधावर चढली. कुणी अडवलं नाही. उघाडीशी खांदा बदलायला त्यांनी ती खाली ठेवली, बरोबर झडपेच्या वर, आणि तेव्हा माझ्याने राहवेना. मी कातळावरून ओरडू लागले, मी बांधली होती, मी बांधली होती, घसा फुटेस्तोवर. बायकांनी मला दोन्हीकडून धरलं. एकीने पदराने माझं तोंड पुसलं आणि दुसरीला म्हणाली, "बघ गो, सून असावी तर अशी."

ओहोटी होती. झडप उघडी होती आणि आतलं पाणी बाहेर चाललं होतं. पुरुषांनी खांदे बदलले आणि तिरडी उचलली. हे दोन वर्षांनी गेले, तेव्हापासून उघाडी माझ्याकडे आहे.