मुरूम लागेपर्यंत

बाबा निवृत्त झाले आणि उन्हाळा संपायच्या आत अंबरनाथचं कारखान्याचं क्वार्टर सोडायची वेळ आली. आयुष्यभराची पुंजी त्यांनी सोनिवलीजवळच्या एका प्लॉटमध्ये घातली होती. घर तिथेच व्हायचं होतं. दुसरीकडे जायला जागा नव्हती.

मी तेव्हा भूगर्भशास्त्रातलं संशोधन म्हणून उल्हास नदीचा गाळ तपासत होते. गाळात प्लास्टिक फार यायचं. आमचे सर म्हणायचे, "कचरा आधी वेचून टाक, मग वजन कर." मला ते पटत नसे. गाळात साचलं ते गाळाचंच, असा वाद मी घालायचे आणि वेचलेले तुकडे बरणीत भरून ठेवायचे. घरी मला सगळे भंगारवाली म्हणत.

पायाचे खड्डे घेतले त्या दिवशी मला एका जागी उभं राहवेना. मुरूम लागल्याशिवाय पाया भरत नाहीत. पहारीचा आवाज टणक झाला की समजायचं. इथे पहार नुसती रुतत होती. निघत होत्या पिशव्या, बांगड्यांचे तुकडे आणि चपलांचे तळ कापून उरलेल्या निळ्या प्लास्टिकच्या शीट. त्यांना पावलांच्या आकाराची भोकंच भोकं. उल्हासनगरच्या छोट्या कारखान्यांतला कचरा टाकून कुणीतरी नाला बुजवला होता आणि तोच बाबांच्या गळ्यात मारला होता. संतापाने माझं डोकं भणभणलं.

"ताई, मुरूम काय लागत नाय," मुकादम म्हणाला. "असाच भरू काय?"

बाबा माझ्याकडे वळले. "तू शिकलीस ना यातलं? सांग, उभं राहील का घर?"

"असं नाही राहणार. हे सगळं काढावं लागेल."

"काढा," बाबा म्हणाले.

ट्रक भरभरून जात राहिले. कुठे, म्हणून मी ड्रायव्हरला विचारलं. "नीचे, नदी के बाजू में," तो म्हणाला. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली. अखेर पहार टणकन वाजली आणि ते मटकन खाली बसून रडले.

घर झालं. भिंतीला साधा तडा नाही. पुढच्या हिवाळ्यात नदीकाठी, माझ्या नेहमीच्या जागी, गाळ खणताना निळी शीट वर आली. ती आमचीच कशावरून? असे कारखाने काय थोडे होते! तरी घरी पोचेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. न धुताच ती मी बाबांसमोर धरली.

त्यांनी पावलाच्या भोकाच्या कडेने बोट फिरवलं. "आपली?"

"असेल."

"मग परत आणायचं का सगळं?"

ते थट्टा करत नव्हते. ते उत्तराची वाट बघत बसले आणि मी त्यांच्या नव्या लादीवर येरझारा घालत राहिले.