लेकीच्या घरापर्यंत चालत

भांडुपपासून मुलुंडपर्यंत माझ्या व्याह्यांइतका हट्टी माणूस दुसरा नाही, आणि हे मी स्वतः हट्टी असून सांगतो. माझी शाळा चौथीत सुटली, पण माणूस मला वाचता येतो. हा माणूस म्हणजे भांडुपच्या चौथ्या मजल्यावर ठेवलेलं भरलेलं पिंप होतं. बिल्डिंगला लिफ्ट नाही. प्रत्येक मजल्यावर टेकत, दारादारांत गप्पा मारत ते इतक्या सावकाश चढायचे की खाली घेतलेली कोथिंबीर वर पोचेपर्यंत मान टाकायची. शेवटी त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा, ही खोली विकू. कल्याणच्या पुढे लिफ्टवाली घेऊ." व्याह्यांचा सगळा संसार त्या खोलीत झालेला. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांब. चारही मजले न टेकता चढलो, तर विकायचं नाव काढायचं नाही."

वजन उतरवायला चालणं आलं. पण भांडुपात कोपऱ्याकोपऱ्यावर ओळखी, कोणीही "या काका, गरम आहे" म्हणालं की यांचा हात वड्याकडे गेलाच. म्हणून त्यांनी खिसा रिकामा ठेवून रोज सकाळी आमच्या मुलुंडच्या घरापर्यंत चालत यायचं ठरवलं. का, तर लेकीच्या सासरी बापाने पाणीसुद्धा पिऊ नये, अशी जुनी रीत आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, आमच्याकडे मटणाचा रस्सा वाटीने पिताना ही रीत त्यांना कधी आठवली नव्हती. आता एकदम धर्मच झाला. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात कर्रकर्र वाजणाऱ्या चपला. सिग्नलला गाड्या थांबल्या की हे जागच्या जागी पाय आपटत राहायचे. एक रिक्षावाला म्हणाला, "चाचा, बैठो ना, छोड देता हूँ." हे म्हणाले, "तुझी रिक्षा थांबते, मी थांबत नाही."

आमच्या खुर्चीवर बसून ते स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचे. सूनबाई म्हणायची, "बाबा, निदान चहा तरी." हे मान हलवायचे. माझ्या दारातून व्याही कोरडा जातो, हे मला झोंबलं. एका सकाळी मी मुद्दाम कोंबडी-वडे करायला लावले. व्याही डोळे मिटून बसले.

"काय करताय?" मी विचारलं.

"वास घेतोय. वासाला रीत नाही."

"मग डबा न्या."

"डबा कोणाच्या घरचा? उगाच फसवू नका, व्याहीबुवा."

मी म्हणालो, "बघतो, दिवाळीला कसे चढता ते." ते म्हणाले, "बघायला या. पण वर या. खालून बघितलेलं मी धरत नाही."

दिवाळीच्या सकाळी मी गेलो. मुलगा वर दारात उभा राहिला. व्याही पुढे, मी मागे. पहिला मजला बरोबर झाला. दुसऱ्यावर मला धाप लागली आणि मी कठडा धरला. हाक मारली नाही, मारणारही नव्हतो. त्यांच्या चपला मात्र कर्रकर्र वर जात होत्या. तिसऱ्यावर थांबतील, आता थांबतील, असं मी कान देऊन ऐकत होतो. थांबल्या नाहीत. मग वरून मुलाचा आवाज आला, "बरं बाबा, नाही विकत."

थोड्या वेळाने त्याच चपला खाली आल्या. व्याह्यांच्या हातात तांब्या होता. ते हसले नाहीत. शेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, "घ्या. मुलाच्या सासरी पाणी प्यायला कसली बंदी नाही." मी प्यायलो.

आता ते सकाळी येतात तेव्हा मी चप्पल घालून तयार असतो, आणि आम्ही दोघं मिळून भांडुपपर्यंत चालतो. निघण्याआधी सूनबाई रोज दोन कप चहा ठेवते. एक मी पितो. दुसरा तसाच निवतो, कारण पैज जिंकली तरी व्याह्यांनी रीत सोडलेली नाही. तो कप मी उचलू देत नाही. आमची दोघांचीही वयं झाली, पण त्यांना तो पाजल्याशिवाय मी चालायचं सोडणार नाही.