पिवळी चौकट

बातमी सुलभाच्या भावाने फोनवर सांगितली. अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये मी तेव्हा एका कंट्रोल पॅनलसमोर स्क्रूड्रायव्हर घेऊन उभी होते. "शैलाताई, सुलू गेली," एवढंच तो म्हणाला. आजार होता, तो हटणारा नाही हेही ठाऊक होतं. पण ठाऊक असलं म्हणून मन तयार असतं असं थोडंच आहे... त्याला आता काही आठवडे झाले. रडून झालं. आता तिची आठवण निघाली की आधी हसू येतं, आणि त्याला तीच जबाबदार आहे. स्वतःच्या फजितीवर सुलभा तिडकेइतकं मनापासून हसणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

नवं शतक नुकतंच लागलं होतं तेव्हा ती आमच्याकडे आली. आमची कंपनी छोटी. दुसऱ्यांच्या कारखान्यांसाठी तपासणीची यंत्रं बनवायची, म्हणजे पंप गळतो का, मोटर तापते का, हे बघणारी. वायरिंग माझ्याकडे होतं. सुलभा मखमलाबादची, घरचा फुलांचा आणि भाजीचा मळा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती एका तंत्रनिकेतनात तात्पुरती शिकवत होती, ते सुटलं, आणि पस्तिशीला आलेल्या बाईला आमच्या साहेबांनी सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. काम जमलं तर कायम, नाही तर राम राम. "घरी मला कोणी उपाशी ठेवणार नाही," ती डबा खाताना म्हणायची, "पहाटे उठून झेंडू तोडेन, मेथीच्या जुड्या बांधेन. पण शैला, मला हेच काम हवंय गं." हे ती हसत हसत म्हणायची, तरी डब्यातला घास तेवढा वेळ हातातच राहायचा.

तिचं काम कॉम्प्युटरवरचं. पण त्या प्रोग्रॅममध्ये ओळी लिहायच्या नसत. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि एकातून दुसऱ्यात तारा ओढायच्या. "तुझ्या पॅनलसारखंच आहे बघ," तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "फक्त शॉक लागत नाही." एका बाजूला हे तारांचं जाळं आणि दुसऱ्या बाजूला कामगाराला दिसणारा पडदा, त्यावर बटणं, काटे, दिवे. आमच्या साहेबांना तारांचा भारी अभिमान. पडदा म्हणजे त्यांच्या मते वरची रंगरंगोटी.

सातपूरच्या एका पंपांच्या कारखान्यासाठी आम्ही यंत्र करत होतो. त्याची पहिली चाचणी घ्यायला आम्ही तिथे गेलो तेव्हा लाइनवरच्या हिराबाईंनी पाचव्या मिनिटाला यंत्र नापास केलं. इगतपुरीकडच्या बाई, हात विजेसारखे चालायचे. चार पंप एकदम लावायचे, आणि जो गळेल त्याच्या नावापुढे पडद्यावर छोटा लाल दिवा लागायचा. "ताई, ती टिकली मला दिसत नाय," हिराबाई सुलभाला म्हणाल्या. "मी पंपाकडं बघू का तुमच्या टीव्हीकडं?" साहेब म्हणाले, सवय होईल. परतताना रिक्षात सुलभा एकदम म्हणाली, "अख्खी चौकटच लाल झाली पाहिजे. दिवा नको. चौकट."

आता गंमत अशी होती की प्रत्येक पंपाभोवतीची ती जाड चौकट निव्वळ शोभेची होती. प्रोग्रॅममध्ये तिचं नावच डेकोरेशन. बटणाला तार जोडता येते, दिव्याला जोडता येते, पण शोभेच्या चौकटीला नाव नाही, गाव नाही, तार जोडायला टोक नाही. एकदा काढली की ती भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी आहे तिथेच राहणार. "मॅडम, शोभेच्या वस्तूकडून काम करून घेता येत नसतं," साहेबांनी निकाल दिला. "ग्राहक पाहायला येतील त्या दिवशी यंत्र चालू दिसलं पाहिजे. नाही तर मग तुमचं पुढचं मला बघावं लागेल." बोली संपायला आली होती. मी तिला म्हटलं, सोड ना तो नाद. तिने सोडला नाही. आणि एका दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन टिचकी वाजवून म्हणाली, "सापडलं. चौकटीला हाक मारता येत नाही. पण पडद्याला विचारता येतं, तुझ्या अंगावर शोभेचं काय काय आहे ते दाखव. तो सगळ्यांना रांगेत उभं करतो. मग रांगेतल्या हव्या त्या नंबरला सांगायचं, हो लाल." आणि खरंच, तिने मला दाखवलं तेव्हा ती ठोंबी राखाडी चौकट लालभडक झाली. आम्ही दोघींनी त्या आनंदात कॅन्टीनचे सगळे वडे संपवले.

ग्राहक आले तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. कारखान्याचे मोठे इंजिनियर, त्यांचे दोन सहकारी आणि मुद्दाम बोलावून आणलेल्या हिराबाई. गळका पंप लावला, दाब वाढला, आणि पंपाची चौकट ढिम्म. लाल झाली ती वरची, आमच्या कंपनीच्या नावाभोवतीची. 'गुणवत्ता हीच आमची ओळख' हे वाक्य मध्ये, आणि भोवती लालभडक चौकट, धोक्याच्या पाटीसारखी. पाहुणे छताकडे बघायला लागले. साहेबांचा चेहरा त्या चौकटीच्या रंगाचा झाला. आणि सगळ्यात आधी हसली कोण, तर सुलभा. मला तिची नोकरी डोळ्यांदेखत जाताना दिसत होती, आणि ही बाई टेबलाला धरून हसत होती.

झालं होतं असं, की आदल्या संध्याकाळी साहेबांनी स्वतःच पडद्याला शेवटचा हात फिरवला होता. शोभेची एक झुळझुळीत निळी पट्टी नव्याने काढून त्यांनी ती सगळ्यांच्या मागे सारली. रांग मागूनच मोजली जाते, म्हणून ती पहिली जाऊन उभी राहिली, बाकीच्या चौकटी एकेका जागेने सरकल्या, आणि पंपाच्या नंबरावर नावाची चौकट आली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. सुलभाने हे ओळखलं, पण साहेबांचं नाव घेतलं नाही. "पाहुण्यांचं जेवण होईस्तोवर द्या," एवढंच ती म्हणाली. साहेब दातांवर दात धरून म्हणाले, "तेवढंच देतो."

मी तिच्याशेजारी बसले. आता ती हसत नव्हती, एकेक चौकट पुन्हा मोजत होती. "नंबरावर भरवसाच नाही," ती पुटपुटली. "नाव देता येत नाही... मग ओळखायचं कशावरून?" मग ती थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आमची क्रेट मार्केटातून घरी कशी येतात गं?" तिच्या मळ्यातून फुलं, भाजी क्रेटमधून जायची, आणि मार्केटात हजार घरची तसलीच क्रेट. म्हणून प्रत्येक घरचा कोपऱ्यावर रंगाचा ठिपका. तिडक्यांचा पिवळा. तिने प्रत्येक चौकटीच्या राखाडी रंगात अगदी कणभर फरक केला, माणसाच्या डोळ्याला न कळणारा, कॉम्प्युटरला मात्र बरोबर कळणारा. यंत्र सुरू होताच प्रोग्रॅम सगळ्या चौकटी बघणार आणि ठिपक्यावरून ओळखून आपापल्या पंपाशी बांधून ठेवणार. मग रांगेत कोणी कुठेही घुसो.

जेवून आलेल्या पाहुण्यांनी पुन्हा गळका पंप लावायला सांगितला. हिराबाईंची पडद्याकडे पाठ होती, त्या पुढचा पंप उचलत होत्या. चौकट लाल झाली तशा त्या वळल्या, गळका पंप काढून बाजूला ठेवला आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या. मोठ्या इंजिनियरांनी विचारलं, "तुम्हाला कळलं कसं? तुम्ही तर बघतही नव्हता." हिराबाई म्हणाल्या, "बघाय लागत नाय साहेब. लाल उजेड पडला का कोपऱ्यातनंच कळतं." यंत्र पास झालं. आणि सुलभाही. साहेबांनी तिला आत बोलावून काय सांगितलं ते तिने मला कधीच सांगितलं नाही, पण पुढे निळी पट्टी काढायची असली की ते आधी तिला विचारायचे.

कायम झाल्याच्या आनंदात तिने त्या यंत्रावर एक जादा गोष्ट केली. पडद्याच्या कडेने एक बारीक चौकट, दिवसभर राखाडी, काहीही न करणारी. पाळी संपली आणि शेवटचा पंप निघाला, की ती झेंडूसारखी पिवळी व्हायची. साहेबांनी विचारलं, "याचा उपयोग काय?" ती म्हणाली, "काही नाही साहेब. शोभा." त्यानंतर आम्ही कितीतरी यंत्रं केली. कंपनीच्या पाटीवरचे रंग बदलले, कॉम्प्युटर बदलले, आम्ही दोघी चष्मे लावायला लागलो. प्रत्येक यंत्रावर ती चौकट असायची. अखेरच्या भेटीत हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या ती शेजारच्या मॉनिटरकडे बघत म्हणाली, "किती गं रुक्ष पडदा केलाय यांनी..." मला हसू आवरेना, आणि नर्स आमच्यावर रागावली.

परवा सातपूरला त्याच कारखान्यात केबल बदलायला गेले होते. यंत्र तेच, टेबल तेच. तिथला नवा इंजिनियर नवा पडदा बनवतोय. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, ही कडेची चौकट काढली तर चालेल ना? नुसतं डेकोरेशन आहे." मी काही बोलायच्या आत हिराबाईंनी मागून सांगितलं, "बाकी काय बी काढ. तिला हात लावायचा नाय." मी त्याला ठिपक्यांची युक्ती समजावली. त्याने वहीत चित्र काढून घेतलं.

तेवढ्यात पाळी संपली. शेवटचा पंप निघाला आणि पडद्याची कड पिवळी झाली. हिराबाईंनी हातमोजे काढले, पडद्याकडे एकदा बघितलं आणि नेहमीचं बोलावं तशा म्हणाल्या,

"चला. ताईंनी सुट्टी दिली."