अक्का आणि मोरीचं पाणी

अक्कांच्या देखत कुणी बादलीतलं पाणी ओतून दिलं, तर त्या ओरडत नसत. थांबून नुसतं विचारत, "याचं काम संपलं का?" वसतिगृहात नव्या आलेल्या मुलीला वाटे, बाई बादलीबद्दल बोलताहेत. जुन्या मुली मुकाट्याने ती बादली उचलून कडुनिंबाच्या आळ्यात नेत.

धुळ्याला देवपुरातल्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवीत आणि मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. मूळच्या नशिराबादच्या. तिकडची बोली वेगळी, पण आमच्याशी बोलून बोलून अहिराणी शिकल्या होत्या. चुकलं तर आम्ही हसायचो, त्याही हसायच्या. मेसमधलं खरकटं, झाडांचा पालापाचोळा, सगळं मागच्या खड्ड्यात जाई आणि वर्षभराने त्याचं काळंभोर खत होई. गावच्या उकिरड्याला नाकं मुरडून शहरात आलेल्या आम्हाला त्यांनी पुन्हा उकिरड्यावर उभं केलं होतं. "घाण असं काही नसतं गं, चुकीच्या जागी पडलेलं असतं," असं त्या म्हणत.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा पाऊस दगा देऊन गेला. होळीच्या आधीच वसतिगृहाची विहीर आटली. टँकर येई, पण तो पुरेना. परीक्षा तोंडावर, आणि ऑफिसातून निरोप आला, वसतिगृह बंद करायचं, मुलींनी घरूनच परीक्षेला यावं. सोनगीरच्या पलीकडे आमचं गाव. घरी माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलेलं. एकदा घरी गेले की परीक्षेला कुणी पाठवणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी अक्कांना तसं सांगितलं. त्या पदर खोचून प्राचार्यांकडे गेल्या आणि आठवडाभराची मुदत घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही खणत होतो. मोरीतून निघणारा चर, त्यात खडी, वाळू, कोळसा, पुढे कर्दळीचा वाफा आणि शेवटी गाळलेलं पाणी साठवायला हौद. कपड्यांचा सोडा त्या मोरीत टाकायला बंदी. हौदातलं पाणी संडासाला आणि झाडांना. काही मुली कुरकुरल्या, एक रडलीसुद्धा. अक्का स्वतः कुदळ मारत होत्या, त्यामुळे कुणाला फार बोलता येईना. आठवडा संपला तेव्हा टँकरचं पाणी पिण्याला आणि आंघोळीला पुरू लागलं होतं.

त्याच सुमारास वडील मला न्यायला आले. "पोरले लेवाले उनू. आठे पानी नही म्हने."

अक्कांनी त्यांना चहा दिला आणि मागे हौदापाशी नेलं.

"हाई आंग धोवानं पानी?" वडिलांनी विचारलं.

"हो भाऊ. पेवाले टँकर शे. बाकी बठ्ठं यावर चालस."

वडील चराच्या काठाने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पेपर व्हवू दे. मंग मी येस."

मी परीक्षा दिली, पास झाले, शिक्षिका झाले. पुढच्या जूनमध्ये वडिलांनी धाकटीलाही अक्कांच्या हवाली केलं.

निवृत्तीनंतर अक्का नशिराबादला भावाकडे राहिल्या. त्या आजारी असल्याचं कळलं, तेव्हा माझ्या आणि धाकटीच्या बरोबर वडीलही निघाले. खाटेजवळ बसून त्यांनी टोपी हातात घेतली. मग म्हणाले, "अक्का, पानीनं निमित्त व्हतं. मी तव्हय हिले लगीनसाठे लेवाले उन्थू."

"माहीत होतं, भाऊ," अक्का म्हणाल्या. "पण तुम्ही तिला ठेवून परत गेलात. त्यापुढे चर खणणं सोपं होतं."

वडिलांनी उपरण्याने डोळे पुसले. धाकटीने अक्कांचे पाय दाबायला घेतले. मला आभार मानायचे होते. पण अक्कांनीच आधी माझ्या शाळेतल्या मुलींची चौकशी केली, आणि मी निघेपर्यंत त्यांच्याविषयीच बोलत राहिले. दिवाळीच्या आधी त्या गेल्या.