पणजी आणि ओतूरच्या लेथवरचा पहिला आटा

आमच्या पणजीला अक्षरओळख नव्हती. पण लोखंडावर स्क्रूचे आटे कसे पाडायचे, ते तिनं शोधून काढलं.

आज तिचा स्मृतिदिन. पोस्ट जरा लांब आहे, सॉरी.

पणजी म्हणजे सखूबाई. ओतूरच्या लोहाराची बायको. भाता ओढायची, घणही मारायची.
गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या आधीची, तिच्याच तोंडून ऐकलेली.

पणजोबांनी पुण्यातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुना लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, आणलं. बैलगाडीतून.
तेव्हा वीज कुठली! एकानं मोठं चाक हातानं फिरवायचं, मग पट्ट्यावर लेथ फिरायचा.
चाक पणजीकडे.

सोबत पोतंभर दातेरी चाकं आली होती. कशासाठी, कुणाला ठाऊक नव्हतं.
पणजोबा एकेक लावून बघत बसले. दातेरी चाक बदललं, की आट्यांमधलं अंतर बदलायचं!

"मला लई नवाल वाटलं," पणजी सांगायची. "दोघं तेच बघत बसलो. चूल पेटवायची राह्यली."

आणि एक दिवस बोरीहून एक शेतकरी आला. उसाच्या चरकाच्या लाटा, म्हणजे रस काढणारे रूळ, आवळायचा स्क्रू मोडला होता.
"ऊस तोडून पडलाय भाऊ. दोन दिसांत न्हाई झालं तर आंबून जाईल."
पुण्याहून नवा यायला आठवडा लागणार.

जुन्या स्क्रूशी जुळणारी चाकं सापडली. पण आटा एका दमात खोल कापता येत नाही. त्याच खाचेतून हत्यार पुन्हा पुन्हा न्यावं लागतं.
पणजोबा एकदा कापायचे, हत्यार पुढं सरकवणारी लेथची पकड सोडवायचे, हत्यार हातानं मागं आणायचे, पुन्हा पकड लावायचे.
दर वेळी हत्यार खाचेच्या शेजारीच पडायचं.

दोन सळया वाया गेल्या. उरली एकच.

शेतकरी ओट्यावर बसून सगळं बघत होता. पणजोबांनी हात पुसले.
"आपल्याच्यानं न्हाई व्हायचं."

पणजी अजून चाकाची मूठ धरून उभी.
"अवं, पकड सोडताच कशाला? हत्यार नुसतं भाईर घ्या. मी चाक उलटं फिरवते. गेलं त्याच वाटंनं माघारी यील."
"कशावरनं?"
"मला काय ठावं? बघू तर."

तिनं चाक उलटं फिरवलं. हत्यार सावकाश मागं आलं.
पुन्हा सुलटं.
बरोबर त्याच खाचेत!

दिवस मावळेपर्यंत ती फिरवत राहिली. उलटं, सुलटं, उलटं, सुलटं. शेवटी शेतकऱ्यानं सोबत आणलेला नट लावून बघितला. सरसर चढला.
"लोहारदादा, कमाल केली राव!"
पणजोबांनी पणजीकडे बोट केलं. "माझी न्हाई. हिची."

ऊस वाचला. पुढं त्या भागातले मोडके स्क्रू आमच्याच दारात यायला लागले.

कितीतरी वर्षांनी मी आयटीआयला टर्नर ट्रेडला गेलो. सरांनी आटे पाडायला शिकवताना हेच सांगितलं. पकड सोडू नका, मशीन रिव्हर्स घ्या.
मी धावत घरी. "पणजी, तू म्हणालीस तेच सरांनी शिकवलं!"

पणजी तेव्हा नव्वदीच्या घरात होती. म्हणाली,
"मंग त्यांचं बी बराबर हाय."

त्याच वर्षी ती गेली.

पणजी, तुला तुझ्या पणतूचा भावपूर्ण नमस्कार.