डाव्या खांद्याचं फूल

आमच्या गावात मंगळवारी कुणी बैल जुंपत नसे. मोट बंद, जातं बंद, न्हावीसुद्धा वस्तरा काढत नसे. परक्या माणसाला वाटे, गाव आळशी आहे. आळस नव्हता, देवीशी केलेला करार होता. माझा आजा लहान असताना प्लेगानं गाव ओस पडलं आणि जगली-वाचली माणसं माळावर खोपटात राहिली. तिथं सगळ्यांनी मिळून देवीपुढं हळदीचा भंडारा उचलून शब्द दिला. आम्हाला जगव, या शिवारात चूल पेटतीय तोवर मंगळवार तुझा. त्या दिवशी जू, मोट, चाक, काही फिरवणार नाही. प्लेग हटला. तेव्हापासून चैत्रातल्या पहिल्या मंगळवारी घरटी एक माणूस देवळात यायचा, ताटातला चिमूटभर भंडारा कपाळाला लावायचा आणि म्हणायचा, "मंगळवार आईचा." झाली शपथ, वर्षभराची.

ते ताट धरायचा मान आमच्या घराकडं होता. माझे वडील, आबा, ते धरत. त्यांना सही येत नव्हती.

मी त्या घरातला पहिला बी. ए., आणि गावातलाही. पिंपरीच्या पुढून रोज सायकलनं पुण्याला जाऊन शिकलो. हे मी आजही मान वर करूनच सांगतो.

पन्नास सालानंतर मोठ्या रस्त्याच्या कडेला कारखाने उभे राहू लागले. त्यातल्या एकात आमच्या गावची बरीच जमीन गेली आणि बदल्यात माणसं कामाला लागली. मला हजेरी मांडायची नोकरी मिळाली. कारखान्याची सुट्टी रविवारी. मंगळवारी आमच्या गावच्या नावांपुढं एकजात खाडे. ते मीच मांडायचो. माझा स्वतःचा खाडा मात्र नसायचा. आबांना सांगितलं होतं, लेखणी म्हणजे काही चाक नाही.

एक दिवस साहेबानं बोलावलं. आवाज न चढवता म्हणाला, "तू शिकलेला आहेस. तुझ्या लोकांना समजाव. पुढच्या महिन्यात मंगळवारी जो येणार नाही, त्याचं नाव कमी होईल." फाटकाबाहेर नगरकडची, साताऱ्याकडची माणसं सकाळपासून उभी असायची. ती मीही पाहत होतो.

देवळात बैठक बसली. रविवारी, कारण मंगळवारी मी कामावर असायचो.

"जमीन गेली. आता काम बी गेलं तर खायचं काय? भंडारा?" एकजण म्हणाला.

"तोंड सांभाळ," आबा म्हणाले.

"तसं न्हाई आबा. पण तुमचा लेक सावलीत बसून आमचे खाडे मांडतो. आमी काय करायचं, सांगा की."

आबांनी देवीकडं पाहिलं. मग म्हणाले, "शब्द आपुन दिलाय. मोडायचा का न्हाई ते आपुन कसं ठरवणार? जिला दिलाय तिला इचारा. कौल लावा."

आमच्याकडं कौल असा लागे. देवी म्हणजे शेंदूर थापून थापून जाड झालेला एक दगड. कण्हेरीची दोन फुलं नुसत्या पाण्यानं तिच्या दोन खांद्यांना चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. तीनदा विचारायचं, आणि तिसऱ्यांदा जे येईल ते शेवटचं. फुलं लावायचं काम गुरवाचं. पण त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, फूल दगडाऐवजी हवेतच टेकवायचा. कुणीतरी म्हणालं, "बी. ए. ला लावू द्या. शिकलेला हात हाय." लोक हसले. आबाही जरासे हसले. त्यांना बरं वाटलं असावं.

पहिल्यांदा डावं पडलं.

दुसऱ्यांदाही डावंच.

मला फाटकाबाहेरची ती माणसं दिसत होती. आणि, खरं लिहायचं तर, उद्या साहेबापुढं हात हलवत उभा राहिलेला मीही दिसत होतो. लोकांकडं माझी पाठ होती. उजवं फूल पाण्यानं अलगद टेकवलं. डावं मात्र तेलानं मऊ झालेल्या शेंदरात देठासकट अंगठ्यानं दाबलं.

उजवं पडलं. लोकांनी चांगभलं केलं. कुणी गूळ आणायला पळालं.

घरी आल्यावर मी जेवायला बसणार तेवढ्यात आबांनी माझ्या हाताकडं पाहिलं. अंगठा शेंदरानं लाल झाला होता. नुसत्या पाण्यानं फूल लावणाऱ्याचा होत नाही, आणि आबांनी उभ्या जन्मात शेकडो कौल पाहिले होते.

"हात धू," ते म्हणाले. "मग बस."

एवढंच बोलले. पुन्हा कधी विषय काढला नाही.

पुढच्या मंगळवारी सगळे पहिल्या पाळीला गेले. मी रकान्यात एकही खाडा मांडला नाही. साहेबानं मान हलवली. मग गाव वाट पाहू लागलं. कुणाची म्हैस आटली, कुणाचं पोर तापलं, की बायका एकमेकींकडं बघायच्या. पण म्हैस पुन्हा दूध देऊ लागली, पोर उठून खेळू लागलं. पाऊस वेळेवर आला. काहीच झालं नाही. बैठकीतला तोच बोलका माणूस फाटकात मला म्हणाला, "राव, आईनं बी कंपनीत नाव घातलं जणू. तिला बी सुट्टी आता रैवारीच."

मी हसलो. आबा मात्र मंगळवारी उरलेल्या तुकड्यात औत धरत नव्हते. ओट्यावर बसून असायचे. त्यांच्याजवळ बसायला कुणी येत नसे. मंगळवारी गावात असायचंच कोण? रविवारी जो तो आपापल्या घरच्या कामात. सबंध गाव एका दिवशी रिकामं बसलंय, असं त्यानंतर मी पाहिलं नाही.

चैत्र आला. पहिल्या मंगळवारी आबांनी आंघोळ केली, ताट घासलं, भंडारा ओतला आणि देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. मी सायकलवरून कामाला निघालो होतो; रस्ता देवळावरूनच जायचा. गुरव आत झोपला होता. दुसरं कुणी नव्हतं. ताटातला भंडारा सपाट होता, एकाही बोटाची खूण त्यात नव्हती.

आबांनी ताट माझ्यापुढं केलं.

"घरटी एक," ते म्हणाले. "आपल्या घरचा तू."

भंडारा उचलला असता तर त्या दिवशी कामावर जाता आलं नसतं. तोंडानं "मंगळवार आईचा" म्हणावं लागलं असतं, आणि ते त्यांना ऐकू गेलं असतं. त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी ताट त्यांनी खाली घेतलं नाही.

तेवढ्यात कारखान्याचा पहिला भोंगा झाला.

"आबा, उशीर होतोय," मी म्हणालो.

"व्हय. जा," ते म्हणाले.

नदीच्या उतारावर मी एकदा मागं पाहिलं. ते ताटातला भंडारा परत पिशवीत भरत होते, सांडू नये म्हणून हळूहळू. मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली, पण काही वाटलं नाही. फाटकात वेळेवर पोचलो, वही उघडली, आणि पहिली हजेरी माझी स्वतःची मांडली.